स्पॅनिशच्या वर्गात मराठी पोर

मागच्या अंकात आमच्या शाळेतल्या 'ड्युअल लँग्वेज' वर्गाबद्दल ओझरतं लिहिलं होतं. अर्धा दिवस स्पॅनिश, अर्धा दिवस इंग्रजी, आणि गणित-विज्ञानसुद्धा या दोन भाषांतूनच. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. नव्या वाचकांसाठी सांगते, मी टेक्सासमधल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत दुसरीच्या अशाच वर्गाची इंग्रजीची बाजू शिकवते. स्पॅनिशची बाजू माझी जोडीदारीण सांभाळते, ती मेक्सिकोतल्या मॉन्तेरेची. मी मूळची कराडची, त्यामुळे बोलणं जरा रोखठोक वाटलं तर सांभाळून घ्या.

प्रश्न : मुलगी ऑगस्टमध्ये केजीत जाईल. घरी पूर्ण मराठी. जवळच्या शाळेत स्पॅनिश-इंग्रजी वर्गासाठी लॉटरी आहे. सासूबाई म्हणतात, तीन भाषांत पोरगी गोंधळेल. मैत्रीण म्हणते, आतापासून घरी इंग्रजी सुरू करा. आणि शाळेच्या फॉर्मवर 'घरची भाषा' इंग्रजीच लिहा, नाहीतर मागे लागतील, असंही ती म्हणते. – एक आई, डॅलसजवळ

ताई, सासूबाईंना विचारा, बेळगाव-निपाणीकडे कानडी, मराठी आणि हिंदी एका दमात बोलणारी पोरं त्यांनी कधी पाहिली नाहीत का? त्यातलं कोण गोंधळलेलं होतं? सुरुवातीला मूल एका वाक्यात दोन भाषा घालतं, ते चालायचंच. माझ्या वर्गात एकाने 'हाऊस' हा शब्द 'जे' या अक्षराने सुरू केला, कारण स्पॅनिशमध्ये 'जे'चा उच्चार आपल्या 'ह'सारखा होतो. मला तर त्यात त्याची हुशारी दिसली. एका भाषेत शिकलेला नियम त्याने दुसरीत लावून पाहिला. दिवाळीच्या सुमाराला ते आपोआप गेलं.

मैत्रिणीचं मात्र ऐकू नका. घरी मराठीच ठेवा, आणि भरपूर. स्पॅनिश शिकताना मराठी किती उपयोगी पडते, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. 'मला दूध आवडतं' हे इंग्रजी बोलणाऱ्या पोरांना स्पॅनिशमध्ये सांगताना घाम फुटतो, कारण तिथेही दूधच 'मला' आवडतं : 'मे गुस्ता ला लेचे'. त्यांच्या डोक्यात 'मी' हा कर्ता पक्का बसलेला असतो. आपल्या पोरांना त्यात काही वेगळं वाटतच नाही. विशेषणाचंही तेच. चांगला मुलगा, चांगली मुलगी म्हणणाऱ्या मुलीला 'नीन्यो ब्वेनो, नीन्या ब्वेना' समजावून सांगावं लागत नाही. आपल्याला तर तीन लिंगांची सवय, त्यांची दोनच. 'तू' आणि 'तुम्ही' असा भेद तिथेही आहे. त्यांचा 'त' आणि 'द' दातांवरचा, आपल्यासारखाच. फक्त 'पेरो' म्हणजे 'पण' आणि 'पेर्रो' म्हणजे 'कुत्रा', त्यातला तो थरथरणारा 'र्र' जमायला थोडे दिवस जातात, आणि त्यावर वर्गात सगळे हसतात.

वाचनाचंही सांगते. स्पॅनिशमध्ये लिहिलं तसं वाचतात, आणि केजीत पोरं 'मा, मे, मी, मो, मू' असं घोकतात. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मला वाटलं, ही तर बाराखडी! इंग्रजीच्या स्पेलिंगपेक्षा कितीतरी लवकर मूल वाचायला लागतं, आणि 'अक्षरं जोडली की शब्द होतो' ही गुरुकिल्ली एकदा सापडली की दुसऱ्या भाषेतही चालते. देवनागरी मात्र पहिलीच्या शेवटापर्यंत थांबवली तरी चालेल. बोलणं थांबवू नका. रविवारची बृहन्महाराष्ट्र मंडळाची मराठी शाळा जवळ असेल तर पहिलीपासून घाला.

आता फॉर्म. त्या 'होम लँग्वेज सर्व्हे'वर खरं ते लिहा : मराठी. होतं काय, की इंग्रजीखेरीज दुसरी भाषा लिहिली की टेक्सासमध्ये मुलाची इंग्रजीची चाचणी घेतात. त्यात कमी पडलं तर 'इमर्जंट बायलिंग्वल', म्हणजे घरची भाषा वेगळी आणि इंग्रजी अजून शिकतंय असं मूल, अशी नोंद होते आणि इंग्रजीसाठी जादा मदत मिळते. आपल्याकडच्या आईवडिलांना ही नोंद म्हणजे पोराच्या कपाळावरचा शिक्का वाटतो. पार्ट्यांमध्ये एकमेकांना 'इंग्लिशच लिही गं' असा सल्ला देतात. इंग्रजी जमायला लागलं की ठरलेल्या कसोटीवर मूल त्यातून बाहेर पडतं. मदत नको असेल तर आईवडील लेखी नकार देऊ शकतात. खोटं लिहायचं कारणच काय?

आणखी एक गोष्ट, जरा बोचेल. चांगल्या वर्गात स्पॅनिश बोलणारी आणि इंग्रजी बोलणारी पोरं साधारण निम्मी-निम्मी असतात. त्यात कुठलाही एक गट एक-तृतीयांशाच्या खाली जाऊ नये, असं धरून चालतात, कारण मुलं एकमेकांकडूनच जास्त शिकतात. तुमच्या मुलीला बहुतेक ठिकाणी इंग्रजीच्या बाजूच्या जागांमध्ये धरतील. पण काही भागांत शिकलेले, गाडीघोड्यावाले पालक या वर्गांकडे इतके धावलेत की घरांच्या किमती वाढून स्पॅनिश बोलणारी कुटुंबंच तिथून उठून गेली. मग उरतो तो स्पॅनिशचा महागडा क्लास. लॉटरीत नाव जरूर घाला. मात्र स्पॅनिश बोलणाऱ्या पोरांसाठी राखलेल्या रांगेत कुणाच्या ओळखीने घुसू नका. अशी विनंती करणारे दोन फोन मला आलेत, म्हणून लिहिलं.

प्रश्न : माझा नातू अमेरिकेत सरकारी शाळेत स्पॅनिश शिकतो. इंग्रजांच्या भाषेच्या देशात सरकार स्वतःच्या पैशाने दुसरी भाषा शिकवतं, हे मला उमगत नाही. आम्ही तर इंग्रजीसाठी हाडाची काडं केली. – एक आजोबा, नाशिक

आजोबा, सरकारने हे सुखासुखी केलेलं नाही. टेक्सासमध्ये १९१८च्या कायद्याने इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत शिकवणं हा गुन्हाच होता. मैदानावर स्पॅनिश बोलल्याबद्दल छड्या खाल्लेली माणसं आजही इथे आजीआजोबा म्हणून भेटतात. आमच्या शाळेच्या दारात नातवंडांना घ्यायला येतात, त्यांपैकी काहीजण आपल्या मुलांशी कधी स्पॅनिश बोललेच नाहीत. आता नातवंडं शाळेत शिकून घरी त्यांच्याशी बोलतात.

आजच्या अशा वर्गांची सुरुवात झाली फ्लोरिडात. १९५९च्या क्रांतीनंतर क्यूबातून लोक मायामीला आले. त्यांना वाटत होतं, काही महिन्यांत परत जाऊ, म्हणून पोरांची भाषा सुटता कामा नये. १९६३मध्ये तिथल्या 'कोरल वे' या सरकारी शाळेत अर्धा दिवस स्पॅनिश, अर्धा दिवस इंग्रजी असा प्रयोग सुरू झाला. पैसा फोर्ड फाउंडेशनचा. गंमत म्हणजे शेजारच्या इंग्रजी घरांतली पोरंही त्यात होती, आणि शिकवणाऱ्यांत क्यूबातून आलेल्या पेशाने शिक्षक असलेल्या बायका होत्या.

मग १९६८चा द्विभाषिक शिक्षणाचा कायदा. त्यावर सही करणारे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन हे तरुणपणी, १९२८मध्ये, दक्षिण टेक्सासच्या कोटुला गावात मेक्सिकन वस्तीतल्या शाळेत मास्तर होते. गरीब, अनवाणी पोरं. तिथे त्यांनीही पोरांना इंग्रजीच बोलायला लावलं होतं. टेक्सासने आपली बंदी उठवली १९६९मध्ये. १९७४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मुलांच्या खटल्यात निकाल दिला की जी भाषा कळत नाही त्या भाषेतलं पुस्तक हातात दिलं म्हणजे समान शिक्षण दिलं असं होत नाही.

पुढे वारं फिरलंही. कॅलिफोर्नियात १९९८मध्ये लोकांनी मतदान करून असे वर्ग जवळजवळ बंद पाडले, आणि २०१६मध्ये त्याच राज्यात सुमारे ७३ टक्के मतांनी ती बंदी उठवली. मधल्या अठरा वर्षांत एक बदल झाला, असं माझं मत. तोवर हे वर्ग 'बिचाऱ्या परक्या पोरांसाठी' समजले जात, आणि मग पैसेवाल्या पालकांना आपल्या पोरांसाठी ते हवेसे वाटले. उटाहने तर २००८मध्ये कायदा करून स्पॅनिशबरोबर चिनी, फ्रेंचचेही निम्मे-निम्मे वर्ग राज्यभर काढले, व्यापाराचं कारण पुढे करून. तुम्ही हाडाची काडं केलीत ती इंग्रजीसाठी, ते पोटासाठी होतं. इथल्या आयांनी स्पॅनिशसाठी केली, ती घर टिकावं म्हणून. आता शिकणाऱ्यांत दोन्ही प्रकार आहेत.

प्रश्न : मुलगा दुसरीत आहे, ९०/१० पद्धतीच्या वर्गात. शेजारचा मुलगा जाड इंग्रजी पुस्तकं वाचतो, आमचा अडखळतो. पुढच्या वर्षी राज्याची परीक्षा. काढून घेऊ का? – एक वडील, ह्यूस्टन

नका काढू. निदान असं घाबरून नका.

९०/१० म्हणजे केजीत नव्वद टक्के दिवस स्पॅनिशमध्ये, आणि दरवर्षी इंग्रजी वाढत पाचवीला निम्मं-निम्मं. अशा वर्गात इंग्रजी वाचनाचे रीतसर धडे बऱ्याच शाळा दुसरी-तिसरीलाच सुरू करतात. तुमचा मुलगा जे अजून शिकवलंच नाही त्यात मागे आहे. शेजारच्या पोराला स्पॅनिश पुस्तक देऊन बघा की!

पोर्टलंडमध्ये जागा कमी असल्यामुळे लॉटरी लागते, म्हणून अभ्यासकांना जिंकलेली आणि हरलेली मुलं समोरासमोर ठेवता आली. २०१५च्या त्या अभ्यासात, लॉटरीने अशा वर्गात आलेली मुलं इंग्रजी वाचनात पाचवीला साधारण सात महिने आणि आठवीला नऊ महिने पुढे होती. गणित-विज्ञानात फरक नव्हता, म्हणजे दुसऱ्या भाषेतून शिकून तोटाही नव्हता. सुरुवातीच्या वर्षांत मात्र असं काही ठळक दिसत नाही. हे वर्ग मधूनच सोडायचे नसतात ते यासाठी. दुसरीत सोडलंत तर इंग्रजीचा उशीर पदरात आणि स्पॅनिश अर्धवट, असा दोन्हीकडून तोटा.

पण एक तपासा. स्पॅनिश पुस्तक त्याला मोठ्याने वाचायला लावा. तुम्हाला अर्थ कळला नाही तरी चालेल, अडखळतो का ते कानाला कळेल. स्पॅनिशमध्ये सरळ वाचत असेल तर निर्धास्त राहा. दोन्ही भाषांत सारखाच अडखळत असेल, अक्षरं उलटसुलट होत असतील, तर दोष भाषेचा नाही. मग 'अजून दोन वर्षं थांबू, द्विभाषेत असंच असतं' हे कुणी, शिक्षिकेने जरी सांगितलं, तरी मान्य करू नका. डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचन-लेखनातल्या मुळातल्या अडचणीची, तपासणी करा असं लेखी पत्र द्या. तोंडी सांगितलेलं शाळेत विरून जातं. लेखी मागणीला लेखी उत्तर द्यावं लागतं.

प्रश्न : मला स्पॅनिशचा गंध नाही. गृहपाठ कसा घेऊ? – एक आई, ऑस्टिन

घेऊ नका, ऐका. 'आज विज्ञानात काय केलंत ते मला मराठीत सांग' एवढंच म्हणा. बेडकाचं जीवनचक्र स्पॅनिशमध्ये शिकून आलेला मुलगा आईला ते मराठीत सांगू शकला, तर त्याला ते समजलंय. शब्द अडला तर तुम्ही द्या, 'डिंभक' नको, 'बेडकाचं पिल्लू' चालेल. भाषांतराचं ॲप लावून गृहपाठ स्वतः लिहून देणाऱ्या आया आम्हाला लगेच ओळखू येतात, बरं का.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. आमच्याकडचं सेमी-इंग्रजी म्हणजे हेच ना? – एक गुरुजी, नंदुरबार जिल्हा

नाही गुरुजी. सेमीत गणित-विज्ञान इंग्रजीत जातं, पण वर्गात इंग्रजी घरून घेऊन आलेलं एकही पोर नसतं, आणि इंग्रजी ही भाषा म्हणून किती पक्की केली जाते ते तुम्ही जाणता. इथे दोन्ही भाषांत वाचन-लेखन शिकवतात, दोन्ही भाषांचे धनी वर्गात बसलेले असतात, आणि कुठल्या वेळी कुठली भाषा ते ठरलेलं असतं. आमच्या भिंतीवर स्पॅनिश लाल अक्षरांत, इंग्रजी निळ्या अक्षरांत. आठवड्यातून एकदा दोन्ही शेजारी मांडून 'काय सारखं, काय वेगळं' ते पोरांकडूनच काढून घेतो.

मायामीच्या त्या शाळेशी तुमच्याकडचं नातं जोडायचं तर ते सेमीशी नाही. धडगाव, अक्कलकुव्याकडून तुमच्या पहिलीत पावरी ही आदिवासी भाषा बोलत येणारं आणि मराठीचं पुस्तक उघडून गप्प बसणारं जे पोर असेल, त्याच्याशी आहे. इमारत, निधी, शासन निर्णय यांची वाट न पाहता करण्यासारखं एक सांगते. पावरी जाणणारी एखादी आई किंवा अंगणवाडीताई रोज थोडा वेळ वर्गात बसवा, गोष्ट आधी पावरीत होऊ द्या, मग तीच मराठीत. पोरांनी सांगितलेले पावरी शब्द देवनागरीत एका रंगात, मराठी दुसऱ्या रंगात, कार्डशीटवर. करून पाहिलंत तर काय झालं ते कळवा, बिघडलं तरी कळवा.

पुढच्या अंकासाठी पत्र पाठवताना मुलाची इयत्ता आणि वर्ग ९०/१० आहे की ५०/५०, एवढं जरूर लिहा. या वेळी तीन पत्रं केवळ त्यामुळे बाजूला ठेवावी लागली.