आरशाची डिश, स्टर्लिंग इंजिन आणि ऊन: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: अन्वस्ताकार (पॅराबोलिक) आरशाची मोठी डिश आणि तिच्या नाभीपाशी, म्हणजे किरण एकवटतात त्या बिंदूपाशी, बसवलेले स्टर्लिंग इंजिन यांच्या साहाय्याने उन्हातील ऊर्जेचा सुमारे 30 टक्के भाग विजेत बदलता येतो, असे वाचनात आले. आग नसताना इंजिन चालते कसे? आणि कार्यक्षमता इतकी चांगली असेल, तर सगळीकडे सौरपॅनेलच का दिसतात?

उत्तर: इंजिनाला आग लागत नाही, उष्णता लागते, ती कोळशातून आली की उन्हातून, याचे त्याला सोयरसुतक नसते. रॉबर्ट स्टर्लिंग या स्कॉटिश धर्मोपदेशकांनी 1816 मध्ये ज्या इंजिनाचे पेटंट घेतले, त्यात सिलिंडरच्या आत काहीच जळत नाही. आत कायमचा कोंडलेला वायू असतो. सौर इंजिनांत तो बहुधा हायड्रोजन किंवा हीलियम असतो. हा वायू गरम टोकाला प्रसरण पावून दट्ट्याला ढकलतो, थंड टोकाकडे जाऊन आकुंचन पावतो आणि हेच आवर्तन पुन्हा पुन्हा चालू राहते. दोन टोकांच्या मधल्या वाटेत बारीक तारांच्या जाळ्यांचा गठ्ठा असतो. थंड बाजूकडे जाताना वायू आपली उष्णता त्यात ठेवून जातो आणि परतताना तीच उचलून घेतो. स्टर्लिंग यांची खरी प्रतिभा या ठेवीच्या युक्तीत दिसते, कारण ती नसती तर प्रत्येक फेरीला तीच उष्णता नव्याने पुरवावी लागली असती.

आता आरशाकडे येऊ. भर उन्हात प्रत्येक चौरस मीटरवर साधारण 1 किलोवॉट ऊर्जा पडते. पाठीमागून उष्णतारोधक थर लावलेला काळा पत्रा या उन्हात ठेवला आणि भोवतालाकडून परत येणारी उष्णता हिशेबात धरली नाही, तर त्याचे तापमान 90 अंश सेल्सियसच्या आसपास थांबते, कारण तेथे जेवढी ऊर्जा येते तेवढीच प्रारणाच्या, म्हणजे किरणांच्या, रूपाने बाहेर पडू लागते. इंजिनाला मात्र 700 अंशांच्या पुढचे तापमान हवे असते. प्रारण हे केल्विनमधील (निरपेक्ष शून्यापासून मोजलेल्या) तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे 720 अंशांवरील काळा पृष्ठभाग प्रत्येक चौरस मीटरमागे सुमारे 55 किलोवॉट ऊर्जा बाहेर टाकतो, म्हणजे साध्या उन्हातून मिळते त्याच्या 55 पट. हीच तूट डिश भरून काढते. तिने ऊन 2000 पट एकवटून एका लहानशा छिद्रातून पोकळीत सोडले, तर त्या छिद्रातून परत निसटणारे प्रारण येणाऱ्या ऊर्जेच्या तीन टक्क्यांहून कमी ठरते.

कार्यक्षमतेचा हिशेब ढोबळमानाने असा मांडता येईल. गरम बाजू 720 अंश आणि थंड बाजू 50 अंश धरल्यास कार्नोच्या नियमाने मिळणारी, कोणत्याही उष्णता इंजिनाला ओलांडता न येणारी कमाल मर्यादा 67 टक्क्यांच्या आसपास येते. प्रत्यक्षातील चांगले इंजिन 40 टक्क्यांच्या जवळपास पोहोचते. आरसा 92 टक्के प्रकाश परावर्तित करतो, उष्णता ग्रहण करणारा भाग 88 टक्के राखतो आणि जनित्र 94 टक्के पुढे देते, असे मानून या सगळ्यांचा गुणाकार केला की उत्तर 30 टक्के येते. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्की येथे, सँडिया प्रयोगशाळेच्या आवारात, 31 जानेवारी 2008 रोजी 31.25 टक्क्यांचा विक्रम नोंदवला गेला. तो दिवस निरभ्र आणि कडक थंडीचा होता, आणि थंड बाजू जितकी थंड तितका इंजिनाचा फायदा अधिक, हे विसरता येत नाही.

तरीही बाजी सौरपॅनेलांनी मारली. पॅनेलमध्ये हलणारा एकही भाग नाही. डिशच्या इंजिनात मात्र दट्ट्ये आहेत, प्रचंड दाबाखालचा वायू आहे, आणि तो वायू हायड्रोजन असेल तर तापलेल्या धातूतूनही झिरपत राहतो. शिवाय पृथ्वी फिरत असल्यामुळे सूर्य दर दोन मिनिटांत आकाशात आपल्या बिंबाच्या रुंदीएवढा सरकतो, म्हणून अख्खी डिश दोन अक्षांवर अचूक फिरवत ठेवावी लागते. ॲरिझोनात 2010 मध्ये 60 डिशांचा दीड मेगावॉटचा प्रकल्प उभा राहिला, परंतु त्याच सुमारास पॅनेलांच्या किमती झपाट्याने कोसळल्या आणि त्या डिश विकसित करणाऱ्या कंपनीने 2011 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. माझ्या मते हा पराभव तत्त्वाचा नव्हता, देखभालीचा आणि किमतीचा होता.

प्रश्न: रात्री किंवा ढगाळ हवेत ही डिश चालते का?

उत्तर: नाही. आरसा केवळ थेट येणारे किरण नाभीवर एकवटू शकतो. ढगांतून विखुरलेला प्रकाश त्याच्या उपयोगाचा नसतो. पॅनेलला मात्र त्यातूनही थोडीफार वीज मिळते. अनेक आरसे एका उंच मनोऱ्यावर ऊन एकवटतात, अशा मनोऱ्याच्या सौर केंद्रात वितळलेल्या क्षारांमध्ये उष्णता साठवून रात्री वीज तयार करता येते, पण डिशचे इंजिन आरशाबरोबर सतत फिरत असल्याने साठवणीची टाकी त्याला जोडणे फार अवघड जाते.

प्रश्न: टीव्हीच्या जुन्या डिशवर आरशाचे तुकडे चिकटवून प्रयोग करावा का?

उत्तर: तत्त्व समजून घेण्यासाठी करता येईल, मात्र त्यातून उपयोगी वीज मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. घरगुती डिशची नाभी बहुधा मध्यासमोर नसून खालच्या बाजूला सरकलेली असते, म्हणून प्रखर ठिपका अनपेक्षित जागी पडतो आणि लाकूड क्षणात पेट घेते. काळा चष्मा चढवूनही त्या ठिपक्याकडे पाहू नये, आणि काम नसेल तेव्हा आरसा जाड कापडाने झाकून सावलीत पालथा ठेवावा.