बाळाला परक्याचं रक्त चढवलं तर एचआयव्ही, काविळीची भीती किती? त्यापेक्षा घरातल्याचं घ्यावं का?

घरातल्याचं घेऊ नका. बाकीचं नंतर.

माझी लेक सातव्या महिन्यात झाली, अकराशे ग्रॅमची. पुण्यातच, एका हॉस्पिटलात पाच आठवडे काचेत होती. एवढ्याशा जिवाच्या अंगात सगळं मिळून जेमतेम शंभर मिली रक्त, त्यातलंही तपासण्यांसाठी रोज थोडं थोडं काढलं जातं. डॉक्टर म्हणाले, रक्त चढवावं लागेल. वीस मिलीच्या आत.

सासरे म्हणाले, "माझ्या नातीला परक्याचं रक्त नको." धाकटे दीर लगेच बाह्या सरसावून तयार. तळमजल्यावरच्या रक्तपेढीत फॉर्म आला. त्यात प्रश्न होता, वर्षभरात गोंदवून घेतलंय का? भावोजींनी सासऱ्यांकडे एकदा पाहिलं आणि 'नाही'वर खूण केली. दोन महिन्यांपूर्वीच गोव्याहून खांद्यावर भलामोठा गरुड काढून आले होते. मला माहीत होतं, सासऱ्यांना नव्हतं. मी तिथेच म्हटलं, "भावोजी, गरुडाचं सांगा की." पुढचं लिहीत नाही. सहा वर्षं झाली, अजून मला "डॉक्टरीणबाई" म्हणतात.

सुई स्वच्छ असेलही. पण घरच्यांच्या देखत माणूस खरं सांगत नाही, आणि लागण ताजी असेल तर तपासणीत सापडत नाही. तिथे दात्याचं खरं उत्तर हाच आधार. एचआयव्ही, बी आणि सी कावीळ, सिफिलिस, मलेरिया या तपासण्या प्रत्येक पिशवीच्या होतातच. नॅट ही विषाणूचा अंशच थेट शोधणारी तपासणी केली तर लागण होऊनही न सापडण्याचा तो आंधळा काळ कमी होतो, संपत नाही. ती सक्तीची नाही, म्हणून विचारून घ्या.

शिवाय सख्ख्या काकाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाळाचं शरीर कधीकधी परक्या म्हणून ओळखतच नाही आणि त्या बाळावरच उलटतात. फार क्वचित, पण जीवघेणं. म्हणून नात्यातल्या रक्तावर किरण सोडून, त्या पेशी निकामी करूनच ते वापरतात. हे मी सासऱ्यांना तेव्हाही सांगितलं होतं. "आपलंच रक्त आपल्याला कसं बाधेल?" बाधतं, आपलं असतं म्हणूनच बाधतं!

तुम्ही ज्याचं नाव घेतलं नाहीत तो सीएमव्ही नावाचा विषाणू. बहुतेक मोठ्यांच्या अंगात तो निमूट पडून असतो, पण दीड किलोच्या आतल्या बाळाला जड जाऊ शकतो. म्हणून पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त मागा. पुन्हा लागलं तर त्याच दात्याच्या पिशवीतला छोटा भाग राखून ठेवता येतो का, तेही विचारा. आमच्याकडे दोन्ही वेळा एकाच अनोळखी दात्याचं चढलं.

"किती" म्हणाल तर कमी, पण शून्य नाही. आणि मी खरंच डॉक्टरीण नाही. बाळाला तातडीने रक्त हवं असेल तर या चौकशांपायी एक मिनिटही थांबवू नका. भावोजी हे वाचतीलच, त्यांनीही वाचावं.