बासुंदी फ्रिजमध्येच राहिली

प्रश्न : गौरीपूजनाला ठाण्याला मोठ्या जाऊबाईंकडे गेले होते. तीन लिटर दुधाची बासुंदी नेली. "अगं, कशाला एवढं?" म्हणत त्यांनी डबा सरळ फ्रिजमध्ये ठेवला. पंगतीत पुरणपोळी वाढली, बासुंदीचं कुणी नावही काढलं नाही. पंधरा दिवस झाले, सासूबाईंचं नाव घातलेला माझा स्टीलचा डबाही तिकडेच आहे. मागू का? की यापुढे दुकानातले पेढे नेऊन मोकळी होऊ?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी सांगा, निघण्यापूर्वी त्यांना फोन केला होतात का? पत्रात तर तसं दिसत नाही. तीन लिटर दूध आटवायचं म्हणजे तास-दीड तास कढईपाशी उभं राहून कडेची साय खरवडायची. तुम्हाला लागलं ते मला कळतं. पण त्या दिवशी त्यांच्या ओट्यावर काय चाललं असेल ते डोळ्यांपुढे आणा. पुरण वाटून झालेलं, कटाची आमटी उकळतेय, सोळा भाज्या चिरायच्यात. बाहेरून आलेला पदार्थ नैवेद्याच्या ताटात न घेणारी घरं आजही आहेत. आणि तुपात भिजलेल्या दोन पुरणपोळ्या पोटात गेल्यावर बासुंदीची वाटी पुढे केली, तर माणूस हात जोडतो.

दोन दिवस आधी नुसतं "गोडाचं काय करताय? मी काही आणू का?" एवढं विचारायचं. नको म्हणाल्या तर नारळाच्या वड्या किंवा रव्याचे लाडू न्यायचे. ते चार दिवस टिकतात, त्याच पंगतीत वाढायची सक्ती नाही. देतानाच म्हणायचं, "उद्या चहाबरोबर होतील." केक नेलात तर अंड्याचा की बिनअंड्याचा, हेही तिथेच सांगून टाका.

हे शहाणपण मला फार उशिरा आलं. एकदा मी ठाण्याहून नाशिकला बहिणीकडे एकवीस उकडीचे मोदक घेऊन गेले. पोचेपर्यंत उकड अशी घट्ट झाली की भाच्याने एक मोदक ताटावर आपटून दाखवला. मग मी ते परत वाफवायला तिचा मोठा गॅस अडवला. तिथे तिला पंधरा माणसांचा भात लावायचा होता! ती काही बोलली नाही, पण झाकण जरा जोरात ठेवलं. तेव्हापासून दुसऱ्याच्या ओट्यावर काम काढणारा पदार्थ मी नेत नाही, वाढायचा डावसुद्धा घरूनच नेते.

पेढे खुशाल न्या, पण रागाने नेऊ नका, तो खोक्यातूनही दिसतो.

बासुंदीचं काय झालं ते विचारू नका. एकदा हातात दिली की ती त्यांची. दुसऱ्या दिवशी पुरीबरोबर फस्त झाली असेल, नाहीतर कामवाल्या मावशींच्या घरी गेली असेल.

डबा मात्र मागा. आपल्याकडे रिकामा डबा परत द्यायचा नाही अशी रीत, म्हणून डबे महिनोन्महिने अडकतात. त्यात काय घालावं हे बिचाऱ्यांना सुचत नसेल. "रिकामाच द्या, दसऱ्याच्या श्रीखंडाला हवाय" असं आजच फोन करून सांगा. फार दिवस थांबू नका, कारण डब्यावर ज्यांचं नाव आहे, त्या त्यांच्याही सासूबाईच आहेत.