वाचक विचारतात : पिशवी कधी उचलायची?

प्रश्न : ताई, मी अलक (अति लघुकथा) लिहितो. सोबत एक पाठवली आहे. सावंत रोज ठाणे-वाशी लोकलमध्ये मित्रासाठी, जोशींसाठी, जागा धरतात. लोक भांडतात, सावंत हटत नाहीत. शेवटच्या ओळीत कळतं की जोशी वारले आहेत. ग्रुपवर सगळ्यांनी ‘बापरे, काटा आला’ लिहिलं, पण दोन ठिकाणांहून परत आली. काय चुकलं?
— एक वाचक, घणसोली

उत्तर : काटा आला, हेच. माझ्या टेबलावर अलक येतात त्यातल्या निम्म्या अशाच असतात. कोणीतरी कोणाशी तरी बोलत असतं आणि शेवटी समोरच्या फोटोला हार असतो. वाचक आता तिसऱ्या ओळीपासूनच हार शोधायला लागतो. तुमच्या सावंतांच्या बाबतीत मलाही दुसऱ्या वाक्यात संशय आला. मग उरलेली कथा मी फक्त खात्री करून घ्यायला वाचली.

तुम्ही वाचकापासून जे लपवलंत तेच मुळात कथा नव्हतं. जोशी गेले हे सावंतांना माहीत आहे, डब्यातल्या नेहमीच्या मंडळींना माहीत आहे, मग वाचकानेच काय घोडं मारलंय? मरण पहिल्या वाक्यात सांगून टाका. तसं केलं की खरा प्रश्न पुढे येतो : आता या माणसाने त्या रिकाम्या सीटचं काय करायचं? तुमच्या मजकुरात एक वाक्य होतं, ‘जोशी कोपरखैरण्याला उतरत.’ तुम्ही ते सहज लिहून पुढे गेलात. मी ते धरून ठेवलं. बघा :

*जोशींना जाऊन आठवडा झाला. ठाण्याला सावंतांनी शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली. ऐरोलीला एक मुलगा चढला. “काका, कोणी आहे का इथे?”*
*“आहे.”*
*रबाळे गेलं. घणसोली गेली. कोपरखैरण्याला, जोशी उतरायचे तिथे, सावंतांनी पिशवी मांडीवर घेतली.*
*“बस आता.”*

भांडण गेलं. आठवणी, पाणावलेले डोळे, पावसाळी सकाळ, सगळं गेलं. (पावसाळी सकाळ जाताना मला अजिबात वाईट वाटलं नाही. अलकमध्ये पाऊस फार पडतो.) सावंतांना काय वाटलं ते कुठेही लिहिलेलं नाही, पण पिशवी उचलायची वेळ नेमकी आहे. एवढ्याशा कथेत माणसाची एक कृती आणि तिची नेमकी जागा मिळाली की बरंच काम होतं. स्टेशनांचा क्रमही बिघडवू नका. या मार्गावरचा वाचक घणसोलीनंतर रबाळे आलं की कथा सोडून तुम्हालाच पकडेल.

‘बस आता’च्या पुढे एक अक्षर लिहू नका. तुम्हाला लिहावंसं वाटेल, मलाही वाटलं होतं.

प्रश्न : शतशब्दकथेत बरोबर शंभरच शब्द हवेत का? माझे नेहमी एकशेवीस होतात.
— एक वाचक, कोपरी

उत्तर : स्पर्धेचा नियम असेल तर शंभर म्हणजे शंभर. एरवी हा आकडा कात्री चालवायला निमित्त म्हणून वापरा. मराठीत आपल्याला एक सवलत आहे : प्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘तलावपाळीवरच्या बाकावरून’ हे मोजायला दोनच शब्द. मात्र सवलत आहे म्हणून शब्दांना शेपट्या लावत बसू नका, वाचताना दम लागतो. तुमचे जास्तीचे वीस शब्द बहुतेक पहिल्या परिच्छेदात सापडतील. नाव, वय, नोकरी, कुठला फ्लॅट. आधी तिथे हात घाला.

प्रश्न : अशा लेखनासाठी वाचावं काय?
— एक वाचक, नौपाडा

उत्तर : उर्दू कथाकार सआदत हसन मंटोंचं ‘सियाह हाशिये’. 1948चं. फाळणीच्या दंगलींवरचे तुकडे, काही तर दोन-चार ओळींचे. मंटोंची शीर्षकं पाहा. शीर्षक एक बोलतं, मजकूर भलतंच, आणि त्या दोघांच्या फटीत कथा घडते. आपल्याकडे मात्र ‘ती’, ‘आई’, ‘ऋणानुबंध’ अशी शीर्षकं येतात. इतकी महागाची जागा फुकट घालवायची?

मग खांडेकरांच्या रूपककथा वाचा. त्याही छोट्या, पण त्यांचा रोख तात्पर्याकडे असतो. दोन्ही लागोपाठ वाचलं की तुमचा कल कुठे आहे ते तुम्हालाच कळेल. मराठी ग्रंथ संग्रहालय तुमच्या ठाणे शहरात 1893 पासून आहे, तेव्हा ‘पुस्तकं मिळत नाहीत’ असं तरी मला लिहू नका.

प्रश्न : शेवट जमलाय हे कसं ओळखायचं?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : शेवटचं वाक्य बोटाने झाका आणि घरातल्या कोणालातरी वाचायला द्या. ‘पुढे काय?’ असं विचारलं तर वाक्य ठेवा. कागद परत देऊन ‘छान आहे’ म्हणाले तर ते वाक्य नकोच होतं.