कार्ब्युरेटर बदलताय? आधी व्हर्नियर काढा

प्रश्न : माझी १२५ सीसीची टू-स्ट्रोक ट्रेल बाइक आहे. मूळचा २८ मिमीचा कार्ब्युरेटर झिजलाय. स्लाइड (मूठ पिळली की वर सरकून हवेची वाट उघडणारी झडप) बोटाने हलवली की खडखडते, आयडलिंग एका जागी राहत नाही. नवा घ्यायचाच आहे, तर ३४ मिमीचा घेऊ का? ताकद वाढेल ना?

उत्तर : खालच्या रेसला गाडी दबेल, एवढं नक्की. हे मिमीचे आकडे हवेच्या वाटेच्या व्यासाचे. २८चा वर्ग ७८४, ३४चा ११५६. म्हणजे हवेची वाट जवळजवळ दीडपट झाली. इंजिन ओढणार तेवढीच हवा, मग तिचा वेग दोन-तृतीयांशावर येतो. जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्रातून) पेट्रोल वर खेचायचं काम हा वेगच करतो. तो पडला की मूठ झटक्यात पिळल्यावर गाडी ‘भ्वॉक’ करून गप्प होते. मोटोक्रॉसच्या १२५ला ३६-३८ मिमी असतो हे खरं; पण तिचे पोर्ट, रीड व्हॉल्व्ह आणि सायलेन्सरचा फुगा, सगळं वरच्या रेससाठीच घडवलेलं असतं. ट्रेलवर २८च ठेवा, फार तर ३०.

साइजपेक्षा जास्त लोक फसतात ते बसवण्यात. जुन्या कार्ब्युरेटरची मापं व्हर्नियरने (बारीक मापं घेणाऱ्या कॅलिपरने) घ्या : इंजिनाकडच्या तोंडाचा बाहेरचा व्यास, एअरबॉक्सकडच्या (एअर फिल्टरच्या डब्याकडच्या) तोंडाचा व्यास, आणि दोन्ही तोंडांमधलं अंतर. इंजिनाकडचं तोंड २ मिमीने जरी बारीक निघालं, तरी क्लॅम्प आवळल्यावर ते बसल्यासारखंच वाटतं. टॉर्च मारून बघा : क्लॅम्पच्या जोडाखाली मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणाऱ्या नळीच्या) रबराला एक बारीक सुरकुती पडलेली दिसेल. तिथून हवा शिरते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि पिस्टन जाम होतो. अशा वेळी जेट बदलत बसणं व्यर्थ, मॅनिफोल्ड बदला.

केबलही तपासा. हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवा. इंजिन आयडलला असताना रेस वाढली तर केबल तोकडी पडतेय.

प्रश्न : केहिनच्या पीडब्ल्यूके पद्धतीचा नवा कार्ब्युरेटर बसवला. जुन्या मिकुनी कंपनीच्या कार्ब्युरेटरमध्ये १६० नंबरचा मेन जेट होता, म्हणून यातही १६०च टाकला. आता वरच्या रेसला गाडी वेगळीच चालते. जेट खराब आहे का?

उत्तर : जेट खराब असेलच असं नाही, आकड्यांची भाषा वेगळी आहे. मिकुनीच्या षटकोनी जेटवरचा आकडा पेट्रोलचा प्रवाह सांगतो; केहिनचा आकडा छिद्राचा व्यास, म्हणजे १६० म्हणजे १.६० मिमी. शिवाय नीडल (स्लाइडला लागलेली सुई), एमल्शन ट्यूब (पेट्रोलमध्ये हवा मिसळणारी नळी) आणि स्लाइडचा कट दोन्हींत वेगळा. नंबर उचलून इकडून तिकडे टाकता येत नाही.

सुरुवात नेहमी जाड मिश्रणाने करा आणि एकेक नंबर खाली या. पातळ बाजूने सुरुवात केली तर चूक कळेपर्यंत सिलिंडरवर ओरखडे उठलेले असतात. मूठ किती उघडल्यावर बिघडतं, त्यावरून दोषी भाग ओळखा : बंद ते पाव मुठीपर्यंत स्लो जेट, एअर स्क्रू आणि स्लाइडचा कट, पाव ते पाऊण नीडल, पुढे मेन जेट. मुठीवर टेपची पट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा, म्हणजे अंदाजपंचे होत नाही.

एअर स्क्रू हलका पूर्ण आत फिरवून दीड आटा बाहेर काढा, इंजिन तापू द्या, मग आयडलिंग सगळ्यात चढेल तिथे ठेवा. ती जागा एका आट्याच्या आत मिळाली तर स्लो जेट लहान आहे. अडीच आट्यांच्या पलीकडे मिळाली तर मोठा. हा नियम स्क्रू एअरबॉक्सच्या बाजूला असेल तरच.

आणि ट्यूनिंग चालू असताना ऑइलचं प्रमाण बदलू नका. ४०:१ (४० भाग पेट्रोल, १ भाग ऑइल) वरून ३२:१ केलं की ऑइल वाढतं, पण त्याच जेटमधून जाणारं पेट्रोल घटतं; मिश्रण पातळ होतं. हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं.

प्रश्न : नव्या कोऱ्या कार्ब्युरेटरच्या व्हेंट पाइपातून पेट्रोल गळतं.

उत्तर : बहुतेकदा फ्लोट नीडलखाली (वाटी भरली की तरंगत्या फ्लोटने पेट्रोल बंद करणाऱ्या सुईखाली) कचरा असतो. वाटी उघडा, सीट साफ करा, पेट्रोलची नळी बदलली असेल तर तिच्या कापलेल्या टोकाचे रबराचे कण शोधा. मग फ्लोटची उंची मोजा : कार्ब्युरेटर तिरका धरून फ्लोटची जीभ नीडलच्या स्प्रिंगवाल्या पिनेला नुसती टेकेल, पिन दबणार नाही, अशा स्थितीत. बऱ्याच पीडब्ल्यूकेमध्ये ही उंची १६ मिमीच्या आसपास असते. नक्की आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या. गळती तरीही थांबली नाही तर नीडल आणि सीट जोडीनेच बदला.