वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्ट, म्हणजे देशांच्या आनंदाची जी यादी दरवर्षी निघते, तिच्यात फिनलंडच सगळ्यात आनंदी देश कसा ठरतो? बाकीच्यांनी त्यातून काय घ्यायचं?

आधी एक गैरसमज काढून टाकू. बऱ्याच जणांना वाटतं की जीडीपी, आयुर्मान, भ्रष्टाचार वगैरे सहा गोष्टींना मार्क देऊन बेरीज करतात आणि नंबर लावतात. तसं नाहीये. गॅलप या सर्वेक्षण कंपनीचे लोक प्रत्येक देशात साधारण हजार जणांना विचारतात की एक शिडी डोळ्यासमोर आणा, 0 ते 10 पायऱ्यांची, सगळ्यात वर तुम्हाला मिळू शकेल असं उत्तम आयुष्य आणि तळाला सगळ्यात वाईट, तर आत्ता तुम्ही कुठल्या पायरीवर आहात? बस. तीन वर्षांच्या उत्तरांची सरासरी काढली की रँकिंग तयार, ते सहा घटक नंतर येतात, देशादेशांत फरक का पडतो ते समजून घ्यायला.

म्हणजे मोजतात ते समाधान. काल भरपूर हसलात का, असले प्रश्न वेगळे असतात आणि त्यात लॅटिन अमेरिकेतले देश पुढे असतात. फिनलंड 2018 ते 2025 सलग आठ वेळा पहिला आला तो शिडीवर.

मला विचाराल तर रँक सोडा, आतले छोटे प्रश्न बघा. अडचणीत हक्काने हाक मारावी असं कुणी आहे का, हा त्यातला एक. 2025 च्या रिपोर्टमध्ये हरवलेल्या पाकिटाचा प्रश्न होता, शेजाऱ्याला, अनोळखी माणसाला किंवा पोलिसांना सापडलं तर परत मिळेल असं वाटतं का? नॉर्डिक देशांत (फिनलंड, स्वीडन, नॉर्वे वगैरे) हा भरवसा खूप जास्त. पण खरोखर पाकिटं टाकून केलेल्या प्रयोगाशी ताडून बघितलं तर जगभरात लोकांना वाटतं त्यापेक्षा बरीच जास्त पाकिटं परत येतात. आपण समजतो त्यापेक्षा माणसं चांगली आहेत हो! अख्ख्या रिपोर्टमध्ये मला हेच सगळ्यात मोलाचं वाटलं.

आनंद मोजायची भूतानची पद्धत एकदम निराळी आणि मला ती जास्त पटते. 9 क्षेत्रं, 33 निर्देशक, त्यात झोप किती मिळते, शेजारपाजाऱ्यांशी कसं आहे हेसुद्धा येतं, आणि प्रत्येक बाबतीत 'एवढं असलं की पुरे' अशी रेषा ठरवलेली. मग रेषेखाली कोण राहिलं ते शोधतात. 2015 च्या सर्व्हेत पुरुषांपेक्षा बायका आणि शहरांपेक्षा खेडी मागे निघाली, आता हे देशाच्या एका सरासरी आकड्यात कधी दिसलं असतं का? अर्थात तिथले कितीतरी तरुण ऑस्ट्रेलियाला निघालेत, त्यामुळे मोजलं म्हणजे सुटलं असं अजिबात नाही.

मोजल्यावर पैसे कुठे जातात ते बघायला हवं. न्यूझीलंडने 2019 मध्ये वेलबीइंग बजेट, म्हणजे लोकांचं भलं समोर ठेवून आखलेलं बजेट, आणलं आणि मानसिक आरोग्यासाठी 1.9 अब्ज न्यूझीलंड डॉलर ठेवले. इतर देशांनी उचलायचं तर आधी हे उचलावं, फिनलंडसारखं हवामान काय कुणाला आणता येणार नाही पण बजेट तर दरवर्षी सगळेच मांडतात.