कोल्हापुरात रोटरीच्या साप्ताहिक सभेला सभासद नसताना जाता येतं का? गेल्यावर देणगी मागतात का?

हो, पाहुणा म्हणून जाता येतं, आणि पाहुण्याकडे देणगी मागायचा रिवाज नाही. फक्त सचिवांना आदल्या दिवशी कळवा, म्हणजे जेवणाचा अंदाज येतो. इथल्या एका क्लबात वक्ते ठरवायचं काम माझ्याकडे आहे, म्हणून सांगतो. अध्यक्ष घंटा वाजवतात, सूचना होतात, मग वक्त्याला वीसेक मिनिटं. खरी मजा नंतरच्या प्रश्नांत. पंचगंगेच्या पुरावर कुणी बोलायला आलं की २०१९ चं पाणी घरात शिरलेली माणसं पूररेषेबद्दल असं खोदून विचारतात की वक्त्यालाही वही काढावी लागते. त्यासाठी तरी जाच.

पैशाचं म्हणाल तर सभासदांची वर्गणी क्लबच्या खर्चाला आणि लोकांकडून जमवलेला निधी सेवाकामालाच, असा नियम आहे. दोन्हींचा हिशेब वेगळा. पुढे कधी देणगी द्यावीशी वाटली तर पावती घ्या. आयकरात सवलत हवी असेल तर २००० रुपयांवरची रक्कम रोख देऊ नका.

एक मात्र बघा: २०१६ पासून महिन्याला किमान दोन सभा घेतल्या तरी चालतात, त्यामुळे सगळेच क्लब दर आठवड्याला भेटत नाहीत. वार विचारूनच निघा.